बोडीत माशांसोबत झिंगा : झिंग्याला मासा समजू नका



आपला गोंदिया जिल्हा तलावांचा आणि धानाचा. गावाला तलाव आणि शेतात बोडी, ही आपल्याकडची जुनी रीत. बोडीचे पाणी धानाच्या शेवटच्या ओलितासाठी राखून ठेवायचे आणि तेवढ्या काळात त्यात कटला-रोहू वाढवायचे, हेही आता अनेकांच्या अंगवळणी पडले आहे. मग पुढचा प्रश्न येतो, "साहेब, त्याच पाण्यात झिंगा सोडला तर? बाजारात झिंग्याला माशापेक्षा जास्त भाव आहे."

झिंगा सोडता येतो. पण बरेचदा होते असे की पावसाळ्यात हजार नग सोडले आणि हिवाळ्यात जाळे ओढले तर शंभरही हाती लागत नाहीत. मासे मात्र ठणठणीत. मग शेतकरी म्हणतो, बीज खराब होते. बीज कधी खराब असतेही, पण बहुतेक वेळा चूक दुसरीच असते. आपण झिंग्याला लहान मासा समजतो आणि माशासारखेच ठेवतो. झिंग्याचे शरीर वेगळे, गरजा वेगळ्या आणि त्याचे शत्रूही वेगळे. ते नीट समजून घेतले तर त्याच बोडीत, त्याच पाण्यात जोड उत्पन्न मिळते.

झिंगा कोणाच्या कुळातला?

झिंगा हा खेकड्याच्या कुळातला प्राणी आहे. दहा पाय, अंगावर कवच, आत हाड नाही. आणखी मागे गेलो तर त्याचे नाते किड्यांशी लागते. धानावरचा तुडतुडा असो, खोडकिड्याचा पतंग असो की बोडीतला झिंगा असो, सगळ्यांचे पाय सांध्यांचे आणि सगळ्यांच्या अंगावर कवच. हे नाते ध्यानात ठेवा, फवारणीच्या वेळी याचीच गरज पडणार आहे.

कवच टणक असते, ते अंगाबरोबर वाढत नाही. म्हणून वाढायचे असेल तर झिंग्याला जुने कवच टाकून द्यावे लागते. सापासारखी तो कात टाकतो. लहान असताना काही दिवसांनी एकदा आणि मोठा झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी एकदा. कात टाकायला काही मिनिटेच लागतात, पण नवे कवच टणक व्हायला काही तासांपासून एखादा दिवस लागतो. तेवढा वेळ झिंगा लोण्यासारखा मऊ असतो. पळू शकत नाही, नांगी मारू शकत नाही. त्याच वेळी मरळ येते, बेडूक येतो, आणि इतकेच नव्हे तर शेजारचा झिंगासुद्धा त्याला खातो.

म्हणून झिंगापालनाचे पहिले सूत्र असे की कात टाकताना त्याला लपायला जागा हवी. ज्या बोडीचा तळ सपाट आणि उघडा आहे, तिथे रोज रात्री थोडे थोडे झिंगे कमी होत जातात. आपल्याला मेलेले दिसत नाहीत, कारण ते खाल्ले गेलेले असतात. काठावर पारदर्शक कवच सापडले तर घाबरू नका. तो मेलेला झिंगा नव्हे, ती कात आहे. ती उचलूही नका. झिंगे ती खातात आणि त्यातला चुना त्यांना नव्या कवचासाठी उपयोगी पडतो.

बीज कोणते आणि कुठून?

आपल्या तलावांत, नाल्यांत जे बारीक झिंगे मिळतात त्यातले बहुतेक गोड्या पाण्यातच अंडी देतात आणि तिथेच वाढतात. ते चवीला उत्तम, पण आकार लहानच राहतो. बाजारात मोठा भाव मिळतो तो जंबो झिंग्याला. व्यापारी त्याला स्कॅम्पी म्हणतात.

हा जंबो झिंगा वाढतो गोड्या पाण्यात, पण त्याची पिले लहानपणी मचूळ पाण्यातच जगतात. ही गोष्ट १९६१ च्या सुमारास पेनांग बेटावर काम करणारे शास्त्रज्ञ शाओ-वेन लिंग यांनी शोधून काढली आणि त्यानंतरच जगभर या झिंग्याचे बीज तयार करणे शक्य झाले. याचा आपल्यासाठी अर्थ काय? बोडीतल्या मादीच्या पोटाखाली नारिंगी अंडी दिसली तरी त्या पिलांच्या भरवशावर राहू नका. ती थोड्याच दिवसांत मरतात. बीज दरवर्षी बीजोत्पादन केंद्रातूनच आणावे लागते. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंग येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने निवड पद्धतीने या झिंग्याचा सुधारित वाण तयार केला आहे. खात्रीच्या केंद्राची माहिती जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावी. फिरत्या विक्रेत्याकडून बीज घेऊ नये.

बोडी कोणती निवडावी?

१) बोडीत पाच महिने तरी कमरेच्या वर, म्हणजे चार ते पाच फूट पाणी टिकले पाहिजे. कन्हार आणि मोरांड जमिनीत पाणी टिकते. हलक्या जमिनीतल्या बोडीत आधी पाणी किती दिवस राहते ते एक वर्ष बघा.

२) वरच्या बांध्यांचे पाणी बोडीत येण्यापासून अडवता आले पाहिजे. हे जमत नसेल तर झिंग्याचा विचार सोडा आणि फक्त मासे वाढवा. यामागचे कारण पुढे सांगितले आहे.

३) बोडी घराजवळ किंवा राखणीच्या जागी असावी. झिंग्याला चोर फार.

उन्हाळ्यातली तयारी

बोडी आटत असेल तर फारच चांगले. तळ भेगा पडेपर्यंत वाळू द्या. पाणी उरत असेल तर त्यातले मरळ, मांगूर, शिंगी हे मांसाहारी मासे काढून घ्या. जाळ्याने सगळे निघत नाहीत. अशा वेळी मोहाची ढेप वापरावी. अर्ध्या एकराच्या बोडीत फूटभर पाणी उरले असेल तर सुमारे १५० किलो ढेप रात्रभर भिजवून पसरावी. तिचा विषारी अंश उतरायला दोन ते तीन आठवडे लागतात, त्यानंतर तिचे खत होते. तेवढे दिवस गुरांना त्या पाण्यावर नेऊ नका. ढेपेचा हा उपाय फक्त स्वतःच्या बोडीसाठी आहे. गावतलावात तो कधीही करू नये.

त्यानंतर एकरी १०० किलो चुना, म्हणजे अर्ध्या एकराला ५० किलो, तळावर सारखा पसरावा. चुन्याने तळाचा आंबटपणा जातो आणि झिंग्याच्या कवचाला लागणारा चुनाही पाण्यात मिळतो. शेणखत बेताचे टाका. अर्ध्या एकराला ५०० किलो कुजलेले खत पुरे. माशांसाठी आपण ताजे शेण ढिगाने टाकतो, पण झिंगा तळाशी राहतो. तळाशी शेण सडले की तिथली हवा संपते आणि पहिला झटका झिंग्याला बसतो.

लपायला घरे करा

यासाठी विकत काही आणायचे नाही. फुटकी कौले, बांबूचे पोकळ तुकडे, झाडाच्या फांद्यांच्या मोळ्या, फाटकी नायलॉनची जाळी, निकामी टायरचे तुकडे, जे असेल ते चालते. तळाचा निदान दहावा हिस्सा अशा वस्तूंनी झाकावा. प्रत्येक मोळीला दोरी बांधून खुंटीला अडकवा, म्हणजे जाळे ओढायच्या दिवशी ती बाहेर काढता येईल. बाभळीच्या काटेरी फांद्या टाळा, जाळे फाटते.

पाण्यात बुडून वाढणाऱ्या वनस्पती एका बाजूला थोड्या राहू द्या. त्या झिंग्याला आडोसा देतात आणि दिवसा पाण्यात हवा सोडतात. मात्र जलकुंभी आणि बेशरम ठेवू नका. जलकुंभी पाणी वरून झाकते आणि खालची हवा कोंडते. बेशरम काठ गिळते.

सोबत कोणते मासे?

कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात. झिंग्याचे त्यांच्याशी भांडण नाही. मृगळ आणि सायप्रिनस तळाशी खातात, म्हणजे झिंग्याच्याच ताटात हात घालतात. म्हणून झिंगा सोडायचा असेल तर ते दोन्ही टाळा. गवत्या मासा आडोशाच्या वनस्पती फस्त करतो, तोही नको. मरळ आणि मांगूर तर अजिबात नकोत.

अर्ध्या एकराच्या, म्हणजे २० आरच्या बोडीसाठी प्रमाण असे ठेवावे : कटला ५००, रोहू ३०० आणि झिंगा १,०००. लोभाने झिंगा दुप्पट सोडला तर उत्पन्न दुप्पट होत नाही. आपसातली मारामारी मात्र वाढते.

बीज सोडण्यापूर्वी पाण्याची परीक्षा

ही सोपी युक्ती प्रत्येकाने करावी. आपल्याच नाल्यातले किंवा तलावातले दहा बारीक झिंगे घ्या. बांबूच्या टोपलीत सोडा, वरून मच्छरदाणीचे कापड बांधा आणि टोपली बोडीत हातभर खोल बुडवून ठेवा. दोन दिवसांनी बघा. सगळे किंवा नऊ जिवंत असतील तर पाणी योग्य आहे. निम्मे मेले तर पाण्यात काहीतरी दोष आहे. बीज आणू नका, आठ-दहा दिवस थांबून पुन्हा परीक्षा करा. दहा बारीक झिंग्यांनी हजार झिंग्यांचे पैसे वाचतात.

बीज अगदी बारीक, सुईसारखे मिळाले तर ते थेट बोडीत सोडू नये. बोडीतच बारीक जाळीचा हापा बांधून त्यात महिना-दीड महिना वाढवावे आणि दीड-दोन इंचांचे झाले की बाहेर सोडावे. दीड-दोन इंचांचे तयार नग मिळाले तर अधिक चांगले. पिशवी सकाळी लवकर आणावी, वीस-पंचवीस मिनिटे बोडीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग बोडीचे थोडे थोडे पाणी पिशवीत घेऊन झिंगे आपणहून बाहेर जाऊ द्यावेत. एकदम ओतू नये.

खाद्य संध्याकाळी

मासा दिवसा खातो, झिंगा रात्री हिंडतो. माशांचा कोंडा-ढेप सकाळी द्या आणि झिंग्याचे खाद्य दिवस मावळताना. धानाचा बारीक कोंडा आणि भुईमुगाची किंवा जवसाची ढेप समभाग घ्या. त्यात उकडून बारीक केलेले गोगलगायीचे मांस किंवा माशांचे टाकाऊ भाग मिसळा आणि गोळे करा. सुरुवातीला हजार झिंग्यांना रोज १०० ग्रॅम आणि तिसऱ्या महिन्यात सुमारे ४०० ग्रॅम खाद्य पुरते. गोळे तीन-चार उथळ टोपल्यांत ठेवून तळाशी सोडा. सकाळी टोपली वर काढून बघा. खाद्य उरले असेल तर त्या दिवशी कमी करा. उरलेले खाद्य सडते आणि पाणी बिघडवते.

पहाटे एक फेरी माराच. झिंगे पहाटे काठावर गोळा झालेले दिसले, काही अर्धे पाण्याबाहेर आलेले दिसले, तर आनंद मानू नका. पाण्यातली हवा संपल्याची ती खूण आहे. ताबडतोब पंपाने बोडीतले पाणी उचलून तिच्यातच उंचावरून पाडावे किंवा विहिरीचे पाणी सोडावे. दोन-तीन दिवस खत आणि खाद्य बंद ठेवावे. ढगाळ, उमस असलेल्या दिवसांनंतर हे हमखास घडते.

फवारणी : इथेच सगळे बुडते

आता मघाशी सांगितलेले नाते आठवा. झिंगा किड्यांच्या गोतातला आहे. आपण धानावर खोडकिडा, गादमाशी, तुडतुडे मारायला जे औषध फवारतो, ते किड्याच्या शरीरात जे काम करते तेच झिंग्याच्या शरीरात करते. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन या गटातली औषधे झिंग्याला अतिशय घातक आहेत. फिप्रोनिलही तसेच. पाण्यात त्यांचा इतका सूक्ष्म अंश पुरतो की मासा पोहत राहतो आणि झिंगा मरतो. म्हणूनच शेतकऱ्याला वाटते, औषधाने मेले असते तर मासेही मेले असते की!

दुसरा वैरी म्हणजे तांबे. कडा करप्यासाठी आपण कॉपर ऑक्सिक्लोराइड वापरतो, शेवाळ मारायला कोणी मोरचूद टाकतो. झिंग्याला दोन्ही वाईट. बोडीत मोरचूद कधीही टाकू नका.

उपाय असे :

१) बोडीच्या वरच्या अंगाला चर खणा, म्हणजे बांध्यांचे वाहते पाणी बोडीला वळसा घालून जाईल. बोडीच्या धुऱ्याला हातभर उंची द्या.

२) फवारणीनंतर निदान दोन आठवडे त्या बांधीचे पाणी बोडीत घेऊ नका. पाऊस येण्याची लक्षणे असतील तर फवारणी पुढे ढकला.

३) शेजाऱ्याशी बोला. त्याच्या बांधीचे पाणी तुमच्या बोडीत येत असेल तर फवारणीच्या आदल्या दिवशी त्याने तुम्हाला सांगावे, एवढे ठरवून घ्या.

४) फवारणीचा पंप, बादली, औषधाचे डबे बोडीत धुऊ नका. आंघोळसुद्धा बोडीत नको.

५) कीड किती आहे ते मोजल्याशिवाय फवारणी करू नका. प्रकाश सापळे, पक्ष्यांसाठी थांबे, ट्रायकोकार्ड यांनी एखादी फवारणी वाचली तर धानाचा खर्च वाचतो आणि बोडीतला झिंगाही वाचतो.

काढणी थंडीच्या आधी

हा झिंगा उष्ण पाण्यातला. २६ ते ३१ अंश उष्णतेत तो झपाट्याने वाढतो. पाणी २० अंशांच्या खाली गेले की खाणे कमी करतो आणि १४ अंशांच्या खाली मरू लागतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्याही खाली जातो आणि उथळ बोडी लवकर गार होते. म्हणून "आणखी महिनाभर वाढू द्या" हा विचार नको. जुलै-ऑगस्टमध्ये सोडलेला झिंगा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पूर्ण काढून घ्यावा. मासे पुढे ठेवता येतात.

एकदम काढण्यापेक्षा दोन-तीन वेळा काढणे फायद्याचे. ऑक्टोबरच्या मध्यापासून मोठ्या डोळ्याचे जाळे ओढून बघा. काही नर अंगाने मोठे आणि लांब निळ्या नांग्यांचे दिसतील. हे बोडीतले पाटील! ते असेपर्यंत लहान नरांची वाढ दबून राहते. निळ्या नांगीचे नर आधी विका. ते निघाले की नारिंगी नांगीचे पुढे येतात आणि त्यांच्यामागचे लहानही वाढीला लागतात.

हिशेब

हजार झिंगे सोडले, निम्मे जगले आणि सरासरी ४० ग्रॅमचे झाले तर २० किलो माल होतो. आडोसा नाही, फवारणीचे पाणी आले, आणि दोनशेच जगले तर ८ किलो. बीज तेच, खाद्य जवळपास तेच. २० आणि ८ यांतला १२ किलोंचा फरक म्हणजेच तुमचा नफा. आपल्या बाजाराचा भाव लावून, बीज-वाहतुकीचा खर्च वजा करून आधी कागदावर हिशेब मांडा. पहिल्या वर्षी एकाच बोडीत करून बघा. कर्ज काढून करू नका.

तलावातले आपले बारीक झिंगे

गावतलावाबद्दल दोन शब्द. कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी बांधलेले हजारो तलाव पूर्व विदर्भात आहेत. नवेगाव बांध त्यातलाच. १९५१ साली मालगुजारी गेली आणि ते माजी मालगुजारी तलाव, म्हणजे "मामा तलाव" झाले. या तलावांतले बारीक झिंगे आणि गावठी मासे यांवर ढीवर बांधवांची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जगली. गाळ साचला, पाण्यातल्या वनस्पती गेल्या, बेशरम वाढली, तसा या बारीक झिंग्यांचाही आडोसा गेला. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवरांच्या सहकारी संस्थांना सोबत घेऊन आपल्या भागातल्या काही तलावांतली बेशरम काढली आणि पाण्यातल्या वनस्पती पुन्हा लावल्या. बोडीला जो नियम तोच तलावालाही लागू आहे : आडोसा असेल तर झिंगा असेल. तलाव संस्थेच्या ठेक्यात असेल तर त्यात काहीही सोडण्यापूर्वी संस्थेला विचारा.

शाळेत काचेची पेटी

झिंगा कात कशी टाकतो हे बोडीत दिसत नाही. शाळेत काचेची एक पेटी ठेवली तर मुलांना आणि पालकांनाही ते डोळ्यांनी बघता येईल. तळाला धुतलेली रेती, थोड्या पाणवनस्पती, एक कौलाचा तुकडा, तलावाचे स्वच्छ पाणी, दहा-बारा बारीक झिंगे आणि सोबत अगदी लहान तोंडाचे चार-पाच मासे. खाद्य चिमूटभरच. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. नळाचे पाणी असेल तर दोन दिवस उघड्या भांड्यात ठेवून मगच घाला, कारण त्यातले क्लोरीन मारक असते. पेटीजवळ मच्छर मारण्याचे औषध फवारू नका. शहरात लाल रंगाचे शोभेचे विदेशी झिंगे मिळतात. ते आणले तर पेटीतच ठेवा, तलावात कधीही सोडू नका.

थोडक्यात लक्षात ठेवा

• झिंगा मासा नव्हे, किड्यांच्या गोतातला आहे. कीटकनाशक आणि तांबे त्याला मारतात.
• कात टाकताना लपायला जागा द्या.
• सोबत कटला-रोहू ठेवा. मृगळ, सायप्रिनस, गवत्या, मरळ आणि मांगूर नको.
• बीज सोडण्यापूर्वी दहा बारीक झिंग्यांनी पाण्याची परीक्षा करा.
• खाद्य संध्याकाळी, फेरी पहाटे.
• निळ्या नांगीचे नर आधी काढा आणि कडाक्याच्या थंडीआधी झिंगा संपवा.
• फवारणीचे पाणी अडवता येत नसेल तर यंदा फक्त मासेच वाढवा.

अधिक माहितीसाठी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाशी किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा. आपल्या शंका कार्ड लिहून कार्यक्रमाकडे पाठवा. बोडी किती आरची, पाणी किती दिवस टिकते आणि वरच्या अंगाला कोणाची बांधी आहे, हे तेवढे न विसरता लिहा.